खाच रुंद ठेवणारे साहेब

आकडा न उच्चारता माणूस कारंज्याच्या बाजारात किती वर्षं सुखानं राहू शकतो, हे मी माझ्या दुकानमालकांकडे पाहून शिकलो. त्यात त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझं.

सगळा बाजार त्यांना साहेब म्हणत असे. जमीनमोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. वाशीम, मानोरा, मालेगाव, जिथं बांधावरून भांडण, तिथं साहेब साखळी घेऊन हजर. निवृत्त झाले आणि त्यांनी ठरवलं, की आता काही मोजायचं नाही आणि कोणताही आकडा तोंडातून काढायचा नाही. लोक निवृत्त झाल्यावर चहा सोडतात, मटण सोडतात, माळ घालतात. यांनी आकडे सोडले.

"कसं हाय दोरवाले," ते मला सांगत, "आकडा भावाभावायले सांगतला. मोठा म्हने कमी. लहाना म्हने कमी. जमीन तेवढीच, आकडा तोच, अन् दोघायले कमी! मंग मी कायले सांगत फिरलो जन्मभर?"

ऐकायला हे छान आहे. पण ज्याला त्यांच्याकडून दुकान विकत घ्यायचं आहे, त्यानं काय करावं?

मी मेडशीकडचा. दोराचं एक गाठोडं घेऊन एसटीनं कारंज्याला आलो आणि साहेबांच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो. कासरे, दावी, चऱ्हाटं. पुढे ओट्यावरून आत शिरलो. मग ताडपत्री आली, फवारणीचे पंप आले, पाटीवर माझं नाव आलं. साहेब मात्र मला शेवटपर्यंत दोरवालेच म्हणत राहिले. ज्या ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यानं मला "सरक बे बाजूले" म्हटलं, तो ओटा माझ्या नावावर व्हावा, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी सौदा व्हायला हवा. सौद्यासाठी समोरच्यानं आधी भाव सांगायला हवा. तो ऐकून मी कपाळावर हात मारणार, उठून चालू लागणार, कोपऱ्यापर्यंत गेलो की तो मला हाक मारणार. ही रीत आहे. मी या रीतीवर वर आलेला माणूस आहे. साहेबांनी ती रीतच बंद करून ठेवली होती.

भाड्याचंही तेच. "जे द्यायचं ते द्या." या चार शब्दांनी मला जेवढं छळलं, तेवढं कोणत्याही लबाड व्यापाऱ्यानं छळलं नाही. नोटा न मोजता ते बंडीच्या खिशात घालत आणि जिना चढून वर जात. भाडं कमी करायचं म्हटलं तर कोणाशी भांडून करणार? समोरून विरोधच नाही. आपण होऊन कमी द्यावं तर बाजार बघतो. एका दिवाळीला मीच आपण होऊन भाडं वाढवलं आणि त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

अलीकडे मोबाइलवरून पैसे आले की गल्ल्यावरची डबी मोठ्यानं आकडा बोलून दाखवते. ती डबी आणली त्या दिवशी साहेब खाली आले, तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले, वर गेले आणि उशीचा एक जुना अभ्रा आणून त्यांनी तिच्यावर घातला. मी काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अभ्रा. शेवटी मी डबीचा आवाज कमी केला. याला तडजोड म्हणतात. आमच्यात सगळ्या तडजोडी अशाच झाल्या, एकट्या माझ्याकडून.

आता फळ्यांबद्दल. आमच्या ओळीतल्या बाकी सगळ्या दुकानांना शटर आहे. सकाळी एक हात मारला की खडखड वर. माझ्या दुकानाला लाकडी फळ्या, पूर्वी सगळ्या बाजाराला असायच्या तशा. खाली उंबऱ्यात खाच, वर आडव्या तुळईत खाच. वरची खोल, खालची उथळ. फळी उचलायची, डोकं वरच्या खाचेत घालायचं, पाय उंबऱ्यावर आणायचा आणि खाली सोडायचा. अशा नऊ फळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की त्यांच्यावरून लोखंडी पट्टी आडवी घालायची आणि कुलूप. रोज सकाळी काढायच्या, रोज संध्याकाळी लावायच्या.

बाकीचे व्यापारी पूर्वी फळ्यांवर नंबर घालत. साहेबांच्या फळ्यांवर नंबर कसा असणार? त्यांना नावं होती. डावीकडची पहिली मेडशीवाली, कारण तिचं सागवान साहेबांच्या बहिणीच्या मेडशीच्या वावरातलं. दोन गाठी शेजारी शेजारी असलेली चष्मेवाली. मधली, सगळ्यांत रुंद, ती पाटलीण. उजवीकडची शेवटची रडकी, कारण पाऊस लागला की तिच्या फटीतून पाणी ओघळायचं. बाकीच्यांनाही नावं होती. भर बाजारात, समोर गिऱ्हाइकं उभी असताना, साहेब वरच्या खिडकीतून ओरडत, "दोरवाले, पाटलीनले असं धक्के नका देऊ, थे स्वतःहून बसते!" आणि सगळी ओळ हसायची. मी पन्नाशीचा माणूस आहे.

मी शटरचा विषय काढला की साहेब म्हणत, "शटरले तोंड नाई. हे पाहा, हिले तोंड हाय." आणि चष्मेवालीच्या गाठींवरून हात फिरवत.

एका उन्हाळ्यात उंबरा कुजला. मला आनंद झाला. म्हटलं, आता उंबरा गेला म्हणजे खाच गेली, खाच गेली म्हणजे फळ्या गेल्या. सुतारानं सांगितलं, चार जिल्ह्यांत आता असली खाच कोणी पाडत नाही. साहेब म्हणाले, मी पाडतो. बाजारातून त्यांनी हातात धरायची विजेची कटर मशीन आणली, दोन पटाश्या आणल्या आणि सागवानाचा एक नवा नग ओट्यावर आडवा टाकून त्याच्यासमोर मांडी घातली.

ते काम मी रोज पाहिलं. माझ्याच दुकानाच्या तोंडाशी चाललं होतं, न पाहून सांगतो कोणाला? टेप नाही, पट्टीवरचे आकडे नाहीत. प्रत्येक फळी आणून नव्या उंबऱ्यावर उभी करायची आणि तिच्या दोन्ही अंगांना चाकूच्या टोकानं रेघ मारायची. फळीच मोजपट्टी. पण नेमकी फळीएवढी खाच पाडली तर फळी शिरताना तिरकी होते, तेव्हा अडकते, आणि पावसात फुगली की बसते ती बसतेच. म्हणून फळी आणि रेघ यांच्यामध्ये साहेब एक लग्नपत्रिका घालत. त्यांच्याकडे पत्रिकांचा ढीग होता. "हे पाहा," ते सांगत, "गरिबाची पत्रिका पातळ. थे उन्हाळी लाकडाले, जे कमी फुगते. अन् हे समोरच्या कापडवाल्याच्या पोरीची. एवढी जाड पत्रिका पुऱ्या कारंज्यात नाई निंगाली. रडकीले हेच लागते, थे लय फुगते."

मग उंबऱ्यावर एक सरळ काठी खिळ्यांनी टेकवून ठेवायची आणि तिला घासून मशीन ओढायची. मशीनचं पातं असतं पातळ, आणि खाच हवी रुंद. म्हणून एका चिरेशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी. मधे लाकडाच्या पातळ पातळ भिंती उभ्या राहत, शेवया वाळत घातल्यासारख्या. त्यांच्यावर हातोडीनं आडवा टोला दिला की त्या कडकड मोडत. खाली जो खरखरीत तळ राही, तो पटाशी आडवी धरून साफ करायचा. मशीननं सगळ्यांना पुरेल एवढीच खाच पाडायची. पुढे प्रत्येक फळीच्या जागी तिच्यापुरती पटाशीनं मोकळी करायची. म्हणजे नऊ फळ्यांच्या नऊ जागा, एकीची दुसरीला चालणार नाही. आठवडाभराचं काम साहेबांनी महिनाभर पुरवलं. मोडलेल्या शेवयांची एक पिशवी त्यांनी मला दिवाळीची भेट म्हणून दिली. बंब पेटवायला.

तेव्हापासून मशीनचा त्यांना नादच लागला. घरातल्या सगळ्या फळकुटांना खाचा पडल्या. आणि एक नवी सोय झाली. कोणी आकडा बोलला की साहेब मशीन सुरू करत. मी एकदा अगदी गोडीत म्हणालो, "साहेब, समजा मी या जागेचे तुम्हाला..." आणि भुर्रर्र! माझा आकडा त्या आवाजात गेला. मी थांबलो, मशीन थांबली. मी तोंड उघडलं, मशीन सुरू झाली. माझं डोकं सटकलं. मी मशीनचं बटण बंद केलं आणि ओरडलो, "तुम्हाला विकायचंय की नाही?"

"मी नाई कुठं म्हनलो?"

"मग भाव सांगा!"

"भाव तुमचा धंदा हाय," साहेब म्हणाले, "माहा नाई." आणि त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

नवरात्रात साहेब बहिणीला घेऊन पोहरादेवीला दर्शनाला गेले. तिकडून दोन दिवस तिच्याकडे राहणार होते. मी ठरवलं, हा नावांचा तमाशा आता बंद. सकाळी फळ्या काढल्या, भिंतीला टेकवल्या, आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं त्यांच्यावर ठसठशीत नंबर टाकले. एक ते नऊ. ज्या क्रमानं काढल्या त्या क्रमानं. आता फळ्या मी उजवीकडून काढतो, तेव्हा एक नंबर रडकीवर पडला आणि नऊ मेडशीवालीवर. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. एक नंबर कुठून सुरू करायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

संध्याकाळी एक मंगरूळकडचा शेतकरी दोरासाठी हुज्जत घालत उभा होता. मोठा चिवट माणूस. मी त्याच्याशी भांडत भांडत फळ्या लावल्या. लावताना डावीकडून लावतात. एक, दोन, तीन. नंबर असताना फळीच्या तोंडाकडे कोण पाहतो? जरा घट्ट गेल्या. जिथं अडल्या तिथं हातोडी मारली, जिथं सैल पडल्या तिथं पाचर ठोकली. पट्टी घातली, कुलूप लावलं. दोर मात्र मी माझ्याच भावानं विकला.

पहाटेपासून पाऊस.

सोयाबीनच्या हंगामातला पाऊस म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. सोंगलेलं सोयाबीन वावरात गंजी लावून पडलेलं, वर आभाळ फाटलेलं. अशा सकाळी सगळ्या जिल्ह्याला एकच वस्तू हवी असते, आणि ती माझ्या दुकानात छतापर्यंत रचलेली होती. मी पोचलो तेव्हा ओट्यावर चिखल तुडवत ही गर्दी. डोक्यावर पोती घेतलेले लोक. त्या दिवशीचा भाव मी येता येताच मनात ठरवला होता. तो कालचा नव्हता. असा दिवस वर्षातून एकदा येतो आणि आम्ही बाकीचं वर्ष त्याच्यासाठी दुकान उघडून बसतो.

कुलूप काढलं. पट्टी काढली. फळी हलेना.

दुसरी हलेना. तिसरी हलेना. दुसऱ्याच्या जागेत ठोकलेल्या फळ्या रात्रभर पाणी पिऊन फुगलेल्या. मी लाथ मारली. हातोडी मारली. फळ्यांच्या, खाचेच्या आणि ती पाडणाऱ्याच्या नावानं जे तोंडाला येईल ते बोललो. शेवटी एकच फळी निघाली, पाच नंबरची. पाटलीण. नंबर कुठूनही घाला, मधली मधेच राहते. ती मुकाट्यानं वर उचलली गेली, आणि दुकानाला एक हातभर रुंदीची उभी फट पडली. आत निळ्या ताडपत्र्या दिसत होत्या. मी त्या फटीत शिरून पाहिलं. खांदा गेला, पोट गेलं नाही.

तेवढ्यात बहिणीकडून पहिल्या एसटीनं आलेले साहेब छत्री घेऊन समोर उभे. त्यांनी फळ्यांकडे पाहिलं. नंबर वाचले. ओठ हलले नाहीत, पण वाचले.

"हे काय लिहून ठेवलं?"

"नंबर!"

"मंग रडकी मेडशीवालीच्या घरात काहून घुसली?"

"तुमची खाच वाकडी आहे!" मी ओरडलो. "जगात कुठं खाच एका टोकाला रुंद आणि एका टोकाला अरुंद असते? मशीन आणा आणि फाडा ती!"

"लाइट गेली," साहेब म्हणाले. ती पावसाच्या पहिल्या थेंबालाच गेली होती.

लोक ओरडू लागले. "शेठ, ताडपत्री द्या ना बापा, तिकडं सोनं सडून राह्यलं!" समोरच्या कापडवाल्यानं शटर वर केलं होतं आणि खुर्ची टाकून तो माझी गंमत पाहत होता.

साहेबांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली. शर्ट काढून खुंटीला लावला. अंगावर बंडी, छातीचा पिंजरा आणि हात म्हणजे दोन काठ्या. ते त्या फटीतून आडवे होऊन आत गेले, उंबऱ्यात फळी शिरते तसे. मला वाटलं, आता निदान माल बाहेर येईल आणि पैसे मी बाहेर घेईन. मी भाव सांगायला तोंड उघडलं.

आतून साहेबांचा आवाज आला. "ने बापा. हे धर. कुठला तू? धनजचा? मोठी ने, लहानी पुरत नाई. पैसे मंग आनून देजो."

"साहेब!" मी फटीत तोंड घातलं. "पैसे मंग नाही! आत्ता! आणि आजचा भाव..."

"भाव?" आतून आणखी एक ताडपत्री माझ्या नाकासमोरून बाहेर आली. "काल काय होता?"

गर्दीतल्या दहा तोंडांनी कालचा भाव सांगितला. मी एकटा आजचा सांगत होतो. माझा घसा मोठा आहे, पण दहा घशांपुढे किती चालणार?

"म्या काही ऐकलं नाई," साहेब आतून म्हणाले. "जो काल होता थोच."

मी बाहेर, माझा माल आत, आणि मधे एका फळीची फट. त्या फटीतून माझं दुकान रिकामं होत होतं आणि मी साहेबांची छत्री धरून उभा होतो. दोघं-तिघं तर मला म्हणाले, "शेठ, तुमचे लय उपकार झाले." त्याहून मोठी शिवी मला आजवर कोणी दिलेली नाही.

दुपारी ऊन पडलं. साहेब आता बाहेर बसले, पटाशीनं रडकीच्या दोन्ही अंगांना खाच हळूहळू मोकळी केली, आणि एकेक फळी बाहेर आली. मी तावातावानं म्हणालो, की सकाळीच हे केलं असतं तर?

"सकाळी लाकूड रागात होतं," साहेब म्हणाले. "तुमीही रागात. दोघायच्या मधात मी कायले पडू?"

पुढच्या आठवड्यात सगळे पैसे आले. सगळे. एकानंही बुडवले नाहीत, एकानंही घासाघीस केली नाही, आणि एकानंही कालच्या भावापेक्षा जास्त दिला नाही. बाजारात लोक म्हणू लागले, ताडपत्रीवाला बदलला. मी बदललो नव्हतो. मला कोणी विचारलंच नव्हतं. पण हे कोणाकोणाला समजावत बसणार? तेव्हापासून पाऊस आला की शेतकरी सरळ माझ्याकडे येतात आणि न विचारता कालच्या भावाचे पैसे पुढे करतात. त्या एका सकाळनं माझे पुढचे किती पावसाळे खाल्ले, याचा हिशेब साहेबांनी कधी केला नाही. ते आकडे सोडलेले गृहस्थ.

मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही.

मग एके दिवशी साहेब जिन्यावरून घसरले. मोठं काही झालं नाही, पण नागपूरची मुलगी आली आणि बापाला घेऊन जायचं म्हणू लागली. म्हणजे इमारत विकणार. ही बातमी कापडवाल्याला माझ्याआधी कळली. तो पेढ्यांचा पुडा घेऊन वर गेला. मी खाली गल्ल्यावर बसून कान वर लावला. थोडी बोलणी, थोडं हसणं, आणि मग भुर्रर्र. कापडवाला उतरला तेव्हा त्याच्या टोपीवर लाकडाचा भुसा होता. मला बरं वाटलं. पण मशीनवर किती दिवस भिस्त ठेवणार? सौदे आता मुलगी करणार होती, आणि ती बँकेत नोकरीला होती. तिला आकडे कळत होते. कापडवाल्याकडे माझ्यापेक्षा मोठे आकडे होते. ज्या ओट्यावरून मला सरकवलं, त्यावरून पुन्हा सरकायची वेळ आली, असं मी धरून चाललो.

मी तयारी केली. कुठं सुरू करायचं, कुठं रागावायचं, कुठं उठायचं, कोपऱ्यापर्यंत गेल्यावर किती हळू चालायचं. एवढी तयारी मी मुलीच्या लग्नातही केली नव्हती. मग मला वर बोलावलं.

साहेब खिडकीपाशी एका लहान फळकुटाला खाच पाडत बसले होते. मुलगी म्हणाली, "काका, बाबांनी सांगितलंय, दुकान तुम्हालाच द्यायचं. समोरच्यांना आम्ही नाही म्हणून सांगितलं."

मी लगेच विचारलं, "आणि भाव?"

"तो तुम्ही सांगायचा. एकदाच. सांगाल तो पक्का."

"म्हणजे मी सांगितला की तुम्ही त्याच्यावर चढवणार."

"नाही काका. सांगाल तो पक्का."

"आणि मी फारच कमी सांगितला तर?"

खिडकीपाशी पटाशी थांबली. "तर कमी," साहेब म्हणाले.

मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत माझी जी दशा झाली, ती शत्रूची होऊ नये. निम्मा भाव सांगावा? तर नोंदणी कचेरीत कारकून वाचणार, कारकुनाकडून बाजार वाचणार, की जिन्यावरून पडलेल्या म्हाताऱ्याला यानं लुटलं. पाऊण सांगावा? साहेब आकडे बोलत नाहीत, पण आयुष्यभर या जिल्ह्याची जमीन मोजलेला माणूस, कोणत्या जागेची काय किंमत हे त्याला माहीत नसेल? तो "बरं" म्हणेल आणि माझ्याकडे बघेल. ते बघणं मला नको होतं. समोर कोणी भांडणारा असला की मला माझा आकडा लगेच सुचतो. समोर कोणीच नव्हतं.

बायको म्हणाली, "एवढं काय तळमळून राह्यले? फुकट मागा ना! देतीन थे."

"तू गप."

"तुमाले भांडाले कोनी भेटलं नाई, म्हनून झोप नाई येत."

आठव्या दिवशी मी वर गेलो आणि आकडा सांगितला. कापडवाला देणार होता असं बाजार म्हणत होता, त्याच्याही वरचा. तोंडातून बाहेर पडताना मलाच तो ऐकू आला आणि धक्का बसला. साहेबांनी मशीनला हात लावला नाही. पहिल्यांदाच त्यांनी माझा आकडा शेवटपर्यंत ऐकला.

"बरं," ते म्हणाले.

मी उभाच. "बरं म्हणजे?"

"बरं म्हंजे बरं."

"जास्त झाला का?"

"मले काय मालूम. मी आकडे सोडले."

मुलगी खाली मान घालून हसत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही मला फसवलं. तोंड न उघडता फसवलं. एकदा नाही म्हणाले असते, एकदा जास्त मागितलं असतं, तर मी याच्या पाऊण भावात सौदा तोडला असता!"

साहेबांनी हातातल्या फळकुटाच्या खाचेत एक पट्टी सोडली. ती एका बोटानं सरकत पार दुसऱ्या टोकाला गेली.

"म्या त खाच रुंदच ठेवली होती, दोरवाले," ते म्हणाले. "जाड फळी तुमीच घेऊन आले."

आयुष्यात मी एकच सौदा हरलो, आणि तो समोर कोणी नसताना.

साहेब आता नागपूरला मुलीकडे असतात. कधीमधी फोन करतात. माझी चौकशी करत नाहीत, पाटलीण कशी आहे विचारतात. तिकडे ते सोसायटीतल्या लोकांना चपला ठेवायच्या मांडण्या करून देतात आणि काय घ्यायचं विचारलं की जे द्यायचं ते द्या म्हणतात. ती सोसायटी काही दिवसांत भिकेला लागेल.

इकडे दुकान माझं, ओटा माझा, आणि शटरला आता कोणाची हरकत नाही. अकोल्याचा एक शटरवाला नेहमी येतो. चांगला माणूस आहे. तो आकडा सांगतो, मी कपाळावर हात मारतो. तो उठतो, मी हाक मारतो. मी उठतो, तो हाक मारतो. दोन वर्षं हे चाललं आहे आणि मला घाई नाही. फळ्यांवरचे नंबर तेवढे मी घासून काढले, कारण ऑइलपेंट वाईट दिसत होता.

परवा तो पुन्हा आला. दिवेलागणीची वेळ होती, गिऱ्हाईक संपलं होतं. त्यानं चहा घेतला, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि थकल्यासारखा म्हणाला, "शेठ, आता तुमीच सांगा. जे द्यायचं ते द्या."

मी त्याला म्हणालो, "निंग इथून." आणि फळ्या लावायला घेतल्या. आधी मेडशीवाली.